विषाणूविरोधी औषधं: समुद्रात शोधायची की प्रयोगशाळेत घडवायची?

खाडीकाठ: समुद्री जीवांवरच्या संशोधनाला सरकारने भरघोस आणि सलग पैसा द्यावा, असं माझं ठाम मत आहे. १९५०च्या सुमारास रसायनशास्त्रज्ञ वेर्नर बर्गमन यांना फ्लोरिडाजवळच्या एका स्पंजात, म्हणजे एका समुद्री प्राण्यात, वेगळीच न्यूक्लिओसाइडं (डीएनए-आरएनए ज्यांपासून बनतात त्या मण्यांसारखे घटक) सापडली. त्यांत नेहमीच्या रायबोज साखरेच्या जागी अरॅबिनोज ही साखर होती. त्याच धर्तीवर व्हिडारॅबिन हे विषाणूविरोधी औषध आलं. विषाणू डीएनएची माळ ओवताना हा खोटा मणी उचलतो आणि ओवणं अडतं. १९७६मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. हर्पीस विषाणूमुळे होणाऱ्या मेंदूज्वरावर त्याआधी हातात काय होतं?

रसायनी: असहमत. व्हिडारॅबिन स्पंजातून काढलेलं नाही. १९६०मध्ये ते प्रयोगशाळेत बनवलं, तेही कॅन्सरसाठी. पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या चढवाव्या लागत. मेंदूला सूज असलेल्या रुग्णाला हे किती जोखमीचं! असायक्लोव्हिर हे हर्पीसवरचं दुसरं औषध आलं आणि व्हिडारॅबिन मागे पडलं. पैसा औषध-रसायनशास्त्रज्ञांना द्या.

खाडीकाठ: पण असायक्लोव्हिर आलं कुठून? व्हिडारॅबिन विषाणूंवर चालतं हे कळल्यावर १९६८मध्ये औषध-संशोधक गर्ट्रूड एलियन यांनी त्याच्यासारखंच अरॅबिनोजवालं संयुग तपासायला पाठवलं. त्या कामातूनच पुढे असायक्लोव्हिर निघालं. साखर बदलून विषाणूला अडवता येतं, ही वाट स्पंजाने दाखवली.

मालवणी_माणूस: वाट ठीक, पण माल कुठून आणणार? कॅन्सरवरच्या ट्रॅबेक्टेडिनचं उदाहरण घ्या: एक ग्रॅमसाठी साधारण टनभर ट्युनिकेट (खडकांना चिकटून राहणारे समुद्री जीव) लागत. आमचे खडक असे खरवडायला माझा सक्त विरोध आहे.

खाडीकाठ: विरोध रास्तच आहे, दादा. पण आता ट्रॅबेक्टेडिनचा कच्चा माल जिवाणू वाढवून मिळवतात. न्यूझीलंडच्या लाल शेवाळातलं ग्रिफिथसिन हे विषाणूंना रोखणारं प्रथिन तंबाखूच्या जातीच्या रोपांत तयार करता येतं. नमुना मूठभर पुरतो.

रसायनी: ग्रिफिथसिन अजून मंजूर औषध नाही. ट्युनिकेटमध्येच सापडलेल्या प्लिटिडेप्सिन या संयुगाने २०२१मध्ये प्रयोगशाळेत कोरोनाविरुद्ध कमाल केली, पण ठरल्याइतके रुग्ण न मिळाल्याने मोठी चाचणी गुंडाळावी लागली. गोव्यातल्या दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेला नमुन्यांसाठी पैसे जरूर द्या. पण सापडलेल्या संयुगाची चाचणी कोणाच्या पैशाने होणार, हे आधी ठरवा. नाहीतर आपण शोधनिबंध छापू आणि औषध दुसऱ्या देशातून विकत घेऊ.