आवाळूवर हळद-एरंडेल चालतं का? माझं मत: दुखत नाही तर कापायचं कशाला

केळीबाग_यावल: मंडळी, खांद्यावर मऊ गाठ आहे, सहा वर्षं झाली, लिंबाएवढी, बोटानं दाबली की इकडे तिकडे सरकते, दुखत नाही. डॉक्टर बोलले लायपोमा, म्हणजे चरबीची गाठ, काढायची तर काढू नाहीतर राहू द्या. वडिलांनाही अंगावर तीन होत्या, ते ऐंशीपर्यंत ठणठणीत. मन्ही माय सांगे हळद आणि एरंडेल गरम करून बांध, दोन महिने बांधतोय. आता माझं म्हणणं असं की बिनदुखऱ्या गाठीला सुरी लावण्यापेक्षा घरचं करून बघायला काय जातंय?

कळण्याची_भाकरी: जात काही नाही, शर्ट जातात 😀 दोन महिन्यात गाठ किती कमी झाली ते सांग ना भो.

केळीबाग_यावल: तेवढीच आहे. पण मऊ झाल्यासारखी वाटते.

सिस्टर_धुळे: दादा ती आधीपासूनच मऊ असते, म्हणून तर लायपोमा म्हणतात. चरबीच्याच पेशी, पण पातळ आवरणात गुंडाळलेल्या, कातडीच्या खाली. वरून लावलेली हळद तिथपर्यंत जाऊन चरबी विरघळवत नाही. वडिलांना होत्या म्हणता, घराण्यात चालतं हे, चाळिशी ते साठीत जास्त दिसतं. राहू द्यायची तर खुशाल राहू द्या, पण मग लेपाचं नाव कशाला.

आप्पा_शिरपूर: ताई तुम्ही दवाखान्यातल्या, तुम्ही हेच बोलणार. माझ्या मानेवरची गाठ कांचनार गुग्गुळ या आयुर्वेदिक गोळ्यांनी दीड महिन्यात गेली, चिरा नाही टाका नाही. सर्जनकडे गेलो असतो तर बिल झालं असतं. जुन्या लोकांनी काय उगाच सांगितलं का सगळं?

सिस्टर_धुळे: आप्पा, तेव्हा सर्दी घसा दात असं काही होतं का? मानेत लसिकाग्रंथी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या छोट्या गाठी, सुजतात आणि आपोआप बसतातही. तुमची नेमकी काय होती कोणी तपासलं का? नाव गाठ एकच पण आत माल वेगळा. मधोमध काळा ठिपका असला, दाबल्यावर वास मारणारं पांढरं निघालं तर ती वेगळी, ती पिकतेसुद्धा.

आप्पा_शिरपूर: तपासली नाही. गेली ना पण.

बीएएमएस_तिसरं_वर्ष: आप्पा रागावू नका, मी आयुर्वेदच शिकतोय. सुश्रुतांनी मेदोज ग्रंथी वेगळी सांगितली आहे आणि तिच्या उपचारात शस्त्रानं काढणंही आहे. म्हणजे कापणं हे काही इंग्रजी डॉक्टरांचं खूळ नाही.

जंक्शन_भुसावळ: माझा अनुभव ऐका. मला कोणीतरी सांगितलं वजन उतरव, गाठी वितळतील. सकाळी मेथीदाणे, रात्री शेवभाजी बंद (हे सर्वात अवघड गेलं), अकरा किलो उतरलो. बाकी सगळीकडची चरबी गेली आणि हातावरच्या चारही गाठी जास्तच उठून दिसायला लागल्या, बायको म्हणे आधी बरा दिसत होतास. एक काढली, जागेवरच भूल दिली, अर्ध्या तासात बाहेर, सोललेल्या लसणाच्या कांदीसारखी पिवळट, लॅबला पाठवली, दहाव्या दिवशी टाके काढले. तीन तशाच आहेत.

आप्पा_शिरपूर: आणि परत येते ते? माझ्या साडूची आली त्याच जागी.

जंक्शन_भुसावळ: आवरण आत राहिलं तर येते म्हणे, पण क्वचित.

कळण्याची_भाकरी: लेपाचं एकवेळ ठीक, पण बिब्बा लावू नका कोणी, हात जोडतो. आमच्या घरात एकानं लावला, कातडी जळाली, पाणी सुटलं, आता काळा डाग पण आहे आणि डागाखाली गाठ पण आहे.

केळीबाग_यावल: बिब्बा नाही लावणार. खांद्याची गाठ केळीचा घड उचलताना घासते तेवढंच, सवय झालीय. मांडीतली मोठी आहे, ती तर दिवाळीनंतरच आली, तिच्यावर पण हळदच बांधतोय.

सिस्टर_धुळे: थांबा. मांडीत दुसरी आहे हे आत्ता सांगताय? केवढी? हलते का?

केळीबाग_यावल: मोसंबीएवढी असेल. हलत नाही, आत खोल आहे, थोडी टणक.

सिस्टर_धुळे: दादा खांद्याची विसरा. पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी, खोल, न हलणारी, काही महिन्यात वाढलेली, अशी गाठ बघितल्याशिवाय ठेवत नाहीत. साधी चरबीचीच निघेलही, पण चरबीच्या पेशींचा कॅन्सरही असतो, दुर्मिळ, आणि तो असाच खोल मांडीत येतो. सोनोग्राफी, लागली तर एमआरआय, मग तुकडा काढून तपासणी. आणि त्याआधी कोणाकडून घाईनं कापून घेऊ नका.

आप्पा_शिरपूर: ताई घाबरवू नका माणसाला. पण भाऊ, जाऊन ये. गुग्गुळ मी खांद्यासाठी बोलत होतो, मांडीसाठी नाही.

केळीबाग_यावल: माल निघतोय, व्यापाऱ्याची गाडी उभी आहे. आठवड्यानं जातो.

कळण्याची_भाकरी: गाडी मी भरून देतो, बांधाला बांध आहे आपला. उद्या जा.

केळीबाग_यावल: बरं. उद्या सकाळच्या बसनं जळगाव. मायला सांगितलंय बँकेत काम आहे.