डी-थ्री फुटबॉल: अभ्यास, खेळ आणि फी यांचा मेळ कुठे बसेल? (सल्ला हवा)

हडसनकाठ
अमेरिकी कॉलेजांतल्या हेल्मेटवाल्या फुटबॉलबद्दल, त्यातल्या डी-थ्री म्हणजे तिसऱ्या श्रेणीबद्दल विचारतोय, सॉकरबद्दल नाही. मुलगा न्यू जर्सीत अकरावीला आहे. जागा सेफ्टी (बचावफळीत सगळ्यात मागे), उंची ५ फूट ११ इंच, वजन १९० पौंड. अनवेटेड जीपीए (शाळेची सरासरी, ४ पैकी) ३.८५, एसएटी (प्रवेश परीक्षा) १४८०, वर्षअखेर पाच एपी (कॉलेज पातळीचे विषय) होतील. शिकायचंय कॉम्प्युटर सायन्स किंवा इंजिनिअरिंग. डी-वनचा (सगळ्यात वरच्या श्रेणीचा) वेग त्याच्याकडे नाही, हे त्यालाही मान्य आहे. डी-थ्रीच्या अकरा कोचांचे मेसेज आलेत, त्यातल्या तिघांनी ‘ऑफर’ म्हटलंय. आम्ही दोघंही नोकरी करतो, म्हणजे गरजेवरची आर्थिक मदत जवळपास शून्य. या ऑफरला नेमका अर्थ काय? आणि कागदावर सगळी डी-थ्रीच असलेल्या कॉलेजांत फरक कसा ओळखायचा?

चौथा_डाउन
आधी ‘ऑफर’. डी-थ्रीत खेळासाठी स्कॉलरशिप देताच येत नाही आणि आर्थिक मदत ठरवताना खेळाचा विचार करायलाही एनसीएएची (कॉलेज खेळांची संघटना) बंदी आहे. त्यामुळे डी-थ्री कोच ऑफर म्हणतो तेव्हा एवढंच सांगत असतो की अ‍ॅडमिशन मिळाली तर रोस्टरवर (संघाच्या यादीत) ये. त्यात पैसा नाही, प्रवेशाची हमीही नाही. सही करायला जो फॉर्म देतात तो फोटोपुरता, कुणावर काही बंधनकारक नाही.

खरा फरक आहे कोचाचं अ‍ॅडमिशन ऑफिसमध्ये किती चालतं यात. ढोबळ तीन जाती.

पहिली, निवडक प्रवेशाची कॉलेजं जिथे कोचाला मोजक्या जागांसाठी शब्द टाकता येतो. नेस्कॅक लीगची कॉलेजं (विल्यम्स, अ‍ॅम्हर्स्ट, बोडन, मिडलबरी, टफ्ट्स, ट्रिनिटी वगैरे), जॉन्स हॉपकिन्स, शिकागो, कार्नेगी मेलन, क्लेअरमाँटची कॉलेजं. इथे प्री-रीड होतं: १ जुलैनंतर कोच तुमचा ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक), एसएटी, बारावीच्या विषयांची यादी आणि शाळेचा प्रोफाइल अ‍ॅडमिशनला देतो आणि उत्तर हिरवं, पिवळं किंवा लाल येतं. हिरवं म्हणजे अभ्यासात बसतो, बस्. त्यानंतर कोच आपली मर्यादित जागा तुमच्यावर खर्च करणार का, हा वेगळा प्रश्न आहे आणि नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो. हिरवं आलं म्हणून घरी पेढे वाटतात आणि डिसेंबरात नकार येतो, कारण कोचाने त्या जागी दुसऱ्या सेफ्टीचं नाव दिलेलं असतं.

दुसरी जात, जिथे कोच फक्त शिफारसपत्र जोडू शकतो. एमआयटी हे ठळक उदाहरण. संघ बरा आहे, २०१४ मध्ये पहिल्यांदा राष्ट्रीय प्लेऑफला गेला. पण कोचाच्या हातात राखीव जागा नाहीत आणि अर्ली डिसिजनही (आधी अर्ज, प्रवेश मिळाला तर जाणं बंधनकारक) नाही. १४८० वर तिथे आशा ठेवू नका.

तिसरी, जिथे प्रवेश सोपा आहे आणि उलट कोचावरच मुलं आणायचं ओझं आहे. त्याबद्दल दादरकर जास्त चांगलं लिहितील.

पहिल्या जातीच्या कोचाला विचारायचे प्रश्न मुलाने स्वतः फोनवर विचारावेत, आईवडिलांनी नाही: या वर्षी किती सेफ्टी घेणार? त्यात मी कितवा? मी अर्ली डिसिजनने अर्ज केला तर तुमचा पूर्ण पाठिंबा आहे का? पूर्ण पाठिंबा देऊनही गेल्या तीन वर्षांत किती जण नाकारले गेले? गोलगोल उत्तर आलं (‘तू आम्हाला खूप आवडतोस, अर्ज तर कर’) की नाहीच समजायचं.

दादरकर
तिसऱ्या जातीत शेकडो छोटी खासगी कॉलेजं येतात. त्यांची तिजोरी फीवर चालते, मुलग्यांची संख्या घटतेय, आणि फुटबॉल संघ म्हणजे एका झटक्यात शंभर-सव्वाशे मुलगे. म्हणून कोचाला दर वर्षी पन्नासेक नवी मुलं आणायचं लक्ष्य असतं. वाईट आहे असं नाही, पण तुमच्या मुलाला आलेल्या अकरा मेसेजांपैकी बरेचसे या खात्यातले असणार.

ओळखायची युक्ती सोपी. कॉलेजच्या साइटवर रोस्टर उघडा. फ्रेशमन (पहिल्या वर्षाचे) किती, सीनियर (चौथ्या वर्षाचे) किती मोजा. ५५ आणि १२ असे आकडे दिसले तर चार वर्षांत बाकीचे कुठे गेले हे विचारा. मग तीन वर्षांपूर्वीचं रोस्टर काढा (साइटवर जुने हंगाम असतात), तेव्हाच्या फ्रेशमन सेफ्टींची नावं लिहून घ्या आणि आजच्या यादीत शोधा. अर्धा तास लागतो आणि कोचाच्या दोन तासांच्या भाषणापेक्षा जास्त कळतं.

फार छोटं रोस्टरही धोक्याचं. ग्रिनेल कॉलेज अभ्यासात उत्तम. पण २०१९ मध्ये दुखापतींनी खेळण्याजोगी मुलं इतकी कमी उरली की खेळाडूंनीच मत देऊन हंगाम मधेच थांबवला. स्वार्थमोरने २००० साली संघ बंद केला, कॅलटेकने १९९३ मध्ये, ऑक्सिडेंटलने २०२० मध्ये. निवडक कॉलेजात फुटबॉल कायम राहीलच असं गृहीत धरू नका. रोस्टर ६० च्या खाली आणि सलग हरणारे हंगाम असतील तर अ‍ॅथलेटिक डायरेक्टरला थेट विचारा.

खेळाचा दर्जा म्हणाल तर डी-थ्री हा एक थर नाही. वर माउंट युनियन (१३ राष्ट्रीय विजेतेपदं), विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटर (६), नॉर्थ सेंट्रल (२०१९, २०२२, २०२४). तिथला दुसऱ्या फळीतला सेफ्टी दुसरीकडे पहिल्या वर्षापासून खेळला असता. अभ्यास आणि वरचा खेळ एकत्र हवा तर हॉपकिन्स बघा. २०१८ आणि २०२४ मध्ये राष्ट्रीय उपांत्य फेरीत होते. नेस्कॅकचं वेगळंच. दहा संघ, प्रत्येकाशी एक असे नऊ सामने. अनेक दशकं त्यांचा विजेता राष्ट्रीय प्लेऑफला गेलाच नाही आणि वसंत ऋतूत कोचांबरोबर सराव न करायची जुनी रीत. ज्याला फुटबॉल बारा महिने हवा त्याला ते अळणी वाटतं. ज्याला मार्चमध्ये प्रयोगशाळेत बसायचंय त्याला ते वरदान.

मीरा_कोलंबस
पैशाचं कुणीच नीट बोललं नाही. तुमच्यासारख्या घरांची खरी अडचण हीच आहे: मदत मिळण्याइतकं उत्पन्न कमी नाही आणि वर्षाला ९० हजार डॉलर सहज भरण्याइतकं जास्त नाही.

नेस्कॅकमधली बहुतेक कॉलेजं, एमआयटी, कार्नेगी मेलन, पोमोना यांची मदत फक्त गरजेवर. मुलगा कितीही हुशार असो, तुमच्या उत्पन्नाला तिथे पूर्ण बिल येणार. त्यात अर्ली डिसिजन बंधनकारक, म्हणजे दुसरीकडची रक्कम बघून घासाघीस करायची सोय नाही. म्हणून प्री-रीडच्या आधी प्रत्येक कॉलेजचं नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता घराला किती पडेल ते सांगणारं साइटवरचं साधन) भरा, आकडा छापून ठेवा. गरजेवर मदत देणारी काही कॉलेजं आर्थिक प्री-रीडही करून देतात. कोचाला मागा, यात लाजण्यासारखं काही नाही.

गुणांवर मदत देणारी आणि फुटबॉल खेळणारी: केस वेस्टर्न, रॉचेस्टर, आरपीआय, डब्ल्यूपीआय, युनियन, रोझ-हलमन, डेनिसन, डीपॉ, वॉबॅश, ग्रिनेल. ३.८५ आणि १४८० यांना इथे खरी किंमत आहे. (वॉबॅश फक्त मुलग्यांचं आहे आणि डीपॉविरुद्धची त्यांची लढत १८९० पासून चालू आहे, आता ती मोनॉन बेल नावाच्या घंटेसाठी होते. वातावरण बघायला एकदा जाच.)

आणि घराजवळचं कुणी सांगितलंच नाही! रोवन आणि द कॉलेज ऑफ न्यू जर्सी, दोन्ही सरकारी, दोन्ही डी-थ्री, दोन्हीकडे इंजिनिअरिंग, आणि राज्यातल्या मुलांना एकूण खर्च त्या ९० हजारांच्या निम्म्याहून कमी. रोवनचा संघ १९९३ ते १९९९ मध्ये पाच वेळा राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोचला होता (पाचही हरले, पण पोचले). आपल्या लोकांना सरकारी म्हटलं की नाक मुरडायची सवय आहे.

हडसनकाठ
रोवन यादीत नव्हतंच, टाकलं. स्टीव्हन्स जवळ आहे, पण तिथे फुटबॉल नाही, म्हणून सोडलं. आणखी दोन शंका. इंजिनिअरिंग आणि रोजचा सराव एकत्र जमतो का? आणि आता जानेवारीपासून नेमकं काय करायचं?

चौथा_डाउन
इंजिनिअरिंगमध्ये पहिली गाळणी: ते कॉलेजात आहे का? विल्यम्स आणि अ‍ॅम्हर्स्टमध्ये इंजिनिअरिंगची पदवी नाही. नेस्कॅकमध्ये हवी तर टफ्ट्स आणि ट्रिनिटी. कार्नेगी मेलनमध्ये कॉम्प्युटर सायन्सची शाळा वेगळी प्रवेश देते. कोचाने पाठिंबा म्हटलं तर ‘कुठल्या शाळेसाठी?’ हे विचारायलाच हवं.

सराव साधारण चार ते साडेसहा आणि लॅब दीड ते साडेचार. टक्कर इथे होते. कोचाला ‘जमतं का’ विचारलंत तर जमतं असंच म्हणेल. त्याऐवजी विचारा: तुमच्या संघात आत्ता इंजिनिअरिंगचे ज्युनिअर (तिसऱ्या वर्षाचे) आणि सीनियर किती? लॅबमुळे उशिरा आलेल्याचं मीटिंगमधलं राहिलेलं कधी भरून काढता? रोस्टरवर बऱ्याच ठिकाणी मेजर (मुख्य विषय) लिहिलेला असतो. फ्रेशमनमध्ये १२ इंजिनिअर आणि सीनियरमध्ये एक असेल, तर लोक खेळ सोडतात किंवा विषय बदलतात. रोझ-हलमन, आरपीआय, डब्ल्यूपीआय इथे हा प्रश्न निम्मा सुटलेला असतो, कारण बहुतेक संघाचं वेळापत्रक तेच.

दादरकर
जानेवारीपासूनचं काम असं.

हडलवरचा (खेळाडूंच्या व्हिडिओंची साइट) व्हिडिओ तीन-साडेतीन मिनिटांचा. गाणी, स्लो-मोशन, नावाची आतषबाजी नको. पहिल्या पाच क्लिप सगळ्यात चांगल्या, कारण कोच तीस सेकंदांत बंद करतो. स्नॅपच्या (चेंडू खेळात येण्याच्या) आधी मुलावर बाण. सेफ्टी आहे म्हणून नुसते हिट टाकू नका. मोकळ्या मैदानातलं टॅकल, मागे धावून अडवलेला पास, आणि चेंडूच्या दिशेने घेतलेला पहिला कोन दिसू द्या. सोबत दोन पूर्ण सामन्यांची लिंक, त्यातला एक तगड्या संघाविरुद्धचा. मोबाईलवर मोजलेला ४० यार्डांचा वेळ ईमेलमध्ये घालू नका, कोणी विश्वास ठेवत नाही.

फेब्रुवारीपर्यंत २५ कॉलेजांचे ऑनलाइन फॉर्म भरा आणि डिफेन्सिव्ह बॅकच्या (मागच्या बचावफळीच्या) कोचाला ईमेल करा. हेड कोचाला फक्त प्रत. विषयात वर्ष, जागा, उंची-वजन, जीपीए, एसएटी. मार्चमध्ये एसएटी पुन्हा द्या, ४० गुण वाढले तरी प्री-रीडचा रंग बदलू शकतो. जून-जुलैत चार ते सहा कॅम्प (कोचांसमोर खेळून दाखवायची शिबिरं), त्याहून जास्त नाही. ज्या कोचाने मुलाशी नावाने, त्याच्या व्हिडिओतल्या एखाद्या खेळाबद्दल बोलून बोलावलंय तिथेच जा. ‘प्रिय खेळाडू’ म्हणून आलेली आमंत्रणं म्हणजे कॉलेजच्या कॅम्पची कमाई. अनेक निवडक कॉलेजांचे कोच एकाच मैदानावर येतात असे दोन दिवसांचे कॅम्प असतात, पैसे तिथे वसूल होतात.

१ जुलैला कागद तयार हवेत. बारावीचे विषय हलके करू नका. एपी कॅल्क्युलस सोडून दिलं म्हणून हिरव्याचं पिवळं होतं. ऑगस्टअखेर दोन-तीन ठिकाणचे पक्के जबाब हातात, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात अर्ली डिसिजन, डिसेंबरच्या मध्यात निकाल. अर्ली डिसिजन करायचाच नसेल तर कोचाला सप्टेंबरमध्ये खरं सांगा, नाहीतर तो जागा धरून बसतो आणि शेवटी दोघांचाही घोळ होतो.

मीरा_कोलंबस
एक शेवटचं, जे ऑगस्टमध्ये मैदानावर गेल्यावर लोकांच्या लक्षात येतं. मुलाच्या दुखापतीचं पहिलं बिल तुमच्या घरच्या विम्यावर जातं. कॉलेजचा विमा बहुतेक ठिकाणी दुय्यम असतो आणि एनसीएएचा मोठ्या आपत्तीसाठीचा विमा ९० हजार डॉलरच्या वरच सुरू होतो. तुमचा प्लॅन न्यू जर्सीपुरत्या नेटवर्कचा एचएमओ (ठरलेल्या डॉक्टरांपुरता विमा) असेल आणि मुलगा ओहायोत गुडघ्याचं एमआरआय करत असेल, तर ते नेटवर्कबाहेरचं ठरतं. ट्रेनरच्या ऑफिसला विचारा: दुय्यम विमा वजावट आणि को-पे भरतो का, जवळचं ऑर्थोपेडिक क्लिनिक कुठलं, ते तुमच्या प्लॅनमध्ये आहे का. नोकरीच्या ठिकाणी प्लॅन बदलायची खिडकी बहुधा नोव्हेंबरात उघडते, म्हणजे अर्ली डिसिजनचा अर्ज भरताय त्याच आठवड्यांत. पीपीओचा (नेटवर्कबाहेरही चालणारा विमा) वाढीव हप्ता त्याच वेळी हिशेबात धरा.

हडसनकाठ
आमचा एचएमओच आहे. दोन ऑफरवाल्यांचे रोस्टर आत्ताच मोजले: एकाकडे ६१ फ्रेशमन, १४ सीनियर. दुसऱ्याकडे २९ आणि १९. पहिल्याला उद्या मुलगा फोन करून सेफ्टींचं विचारतोय.