वडिलांच्या ऑफिसचा पीसी शाळेला द्यायचाय, आधी डिस्क पूर्ण कोरी कशी करू?

मदत हवी आहे.

बाबा मिरजेत टॅक्सची कामं करायचे. मार्चमध्ये ते गेले. त्यांचा ऑफिसातला पीसी गावच्या जिल्हा परिषद शाळेला द्यायचं आम्ही ठरवलंय, तिथल्या बाईंना मुलांना मराठी टायपिंग शिकवायचंय. मशीन चौथ्या पिढीचं आय-थ्री, रॅम 8 जीबी. विंडोज 10 चे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले आणि 11 या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकणार आहे. आत दोन डिस्क आहेत: 240 जीबीची एसएसडी, तिच्यावर सी ड्राइव्ह, आणि 1 टीबीची जुनी हार्डडिस्क, तिच्यावर डी.

डी वर क्लायंट लोकांचे फोल्डर होते. पॅन, आधार, पासबुकाची पहिली पानं, सातबारे. गावात पाटील इतके की बाबांनी फोल्डरला 'पाटील दूधवाले', 'पाटील एसटी', 'पाटील पोल्ट्री' अशी नावं दिली होती. टॅलीचा डेटा, रिटर्न आणि बाबांची पत्रं मी बाहेरच्या डिस्कवर दोनदा कॉपी करून घेतली. मग डी फॉरमॅट केला, दहा-बारा सेकंदांत झाला. वाटलं, संपलं काम.

रविवारी भाच्याने पेन ड्राइव्हवरून फोटोरेक, म्हणजे पुसलेल्या फाइली परत शोधणारा प्रोग्रॅम, लावून दाखवलं. फोल्डरची नावं गेली होती, फाइलींना नुसते आकडे होते, पण पहिलीच फाइल उघडली तर एका आजींचं आधार कार्ड. डोक्यावरचा पदर, कपाळावरचं कुंकू, खाली बारा आकडे, सगळं स्वच्छ. त्या दर जुलैला बाबांकडे यायच्या, मी त्यांना ओळखते. रात्रभर झोप लागली नाही. लोकांनी विश्वासाने दिलेले कागद आमच्या घरातून असे बाहेर जाता कामा नयेत.

सी वर तेच करून बघितलं, म्हणजे एसएसडीवरून पुसलेल्या फाइली शोधल्या, तर जवळजवळ काहीच सापडलं नाही. मग एसएसडी आपोआप साफ होते का? आणि हार्डडिस्कवर 35 वेळा लिहावं लागतं असं कुणी म्हणालं, ते खरं का? मला जमेल असं सांगा, कमांड टाइप करायची तयारी आहे.

प्रतिसाद 1

ताई, आधी काळजीचं कारण सांगतो. क्विक फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं, पानं तशीच राहतात. डिस्कवर नव्याने काही लिहिलं जात नाही तोवर जुनं वाचता येतं. क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केला की विंडोज व्हिस्टापासून पुढे सगळीकडे शून्यं लिहिली जातात. पण तो एका पार्टिशनपुरता, म्हणजे डिस्कच्या एका भागापुरता. अख्खी डिस्क पुसायला ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, डिस्कपार्ट हा विंडोजमधलाच डिस्क हाताळायचा प्रोग्रॅम सुरू करा, 'लिस्ट डिस्क' द्या, साइज बघून हार्डडिस्कचा नंबर ओळखा, 'सिलेक्ट डिस्क' आणि तो नंबर, मग 'क्लीन ऑल'. नुसतं 'क्लीन' नको, ते फक्त पार्टिशनची नोंद काढतं.

त्याआधी बॅकअपची बाहेरची डिस्क वायरसकट काढून ठेवा. नंबर चुकला तर बाबांची पत्रं जातील आणि डिस्कपार्ट पुन्हा विचारत नाही. 1 टीबीला तीनेक तास धरा. मधे टक्के वगैरे काही दिसत नाही, कर्सर नुसता लुकलुकतो. अडकलंय समजून बंद करू नका.

35 वेळांची पद्धत 1996 च्या एका शोधनिबंधातली, त्या काळच्या डिस्कसाठी. आताच्या हार्डडिस्कला शून्यांची एक फेरी पुरते.

प्रतिसाद 2

एसएसडीचं गणित वेगळं आहे. फाइल पुसली की विंडोज एसएसडीला 'ट्रिम'ची, म्हणजे ही जागा आता मोकळी समज अशी, सूचना पाठवतं, म्हणून तुम्हाला काही सापडलं नाही. पण आतल्या मेमरीच्या पेशी लवकर झिजू नयेत म्हणून एसएसडी लिखाण आत इकडेतिकडे फिरवते, शिवाय विंडोजला न दिसणारी थोडी जागा राखून ठेवते. शून्यं लिहून त्या सगळ्या जागेपर्यंत पोचल्याची खात्री नाही, वर डिस्क विनाकारण झिजते. डिस्कलाच 'स्वतःला पूस' असं सांगायचं, त्याला सिक्युअर इरेज म्हणतात. मिंटच्या पेन ड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, सुरू करा, डिस्क्स नावाचा प्रोग्रॅम उघडा, एसएसडी निवडून फॉरमॅट डिस्कमध्ये हा पर्याय बघा. 'फ्रोझन' (म्हणजे डिस्कने इरेजची आज्ञा अडवून ठेवलीय) म्हणून नकार आला तर पीसी सस्पेंड करून पुन्हा जागा करा, बहुतेक वेळा सुटतं. मिंट त्यानंतरच टाका.

अजून एक. टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर करा, म्हणजे या मशीनवरून सोडवून घ्या, विंडोज उडाल्यावर ते दुसऱ्या मशीनवर घेताना त्रास होतो. आणि पत्रं जुन्या मराठी फॉन्टमध्ये असतील तर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून तो फॉन्ट कॉपी करून घ्या, नाहीतर पत्र उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल.

प्रतिसाद 3

शाळेला 1 टीबी लागणारच नाही. मिंट आणि टायपिंगला 240 जीबी भरपूर. हार्डडिस्क काढून घरीच ठेवा की. जुन्या डिस्कमध्ये खराब झालेले सेक्टर, म्हणजे डिस्कचे छोटे कप्पे, बाजूला टाकलेले असतात, तिथवर 'क्लीन ऑल' पोचत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. फॉन्टचं अगदी वेळेवर सांगितलंत. आईला लिहिलेली पत्रं दुसऱ्या लॅपटॉपवर उघडली तर खरंच नुसती इंग्रजी अक्षरं. फॉन्ट घेतला आणि पत्रं वाचता आली. टॅली सरेंडर केलं.

काल संध्याकाळी सात वाजता 'क्लीन ऑल' लावलं, दहा वाजून गेल्यावर संपलं. भाच्याने परत फोटोरेक चालवलं, एकही फाइल नाही. तरी हार्डडिस्क काढून कपाटात ठेवली आहे, शाळेला एसएसडीच जाईल. डिस्क्समध्ये 'फ्रोझन' आलं होतं, सस्पेंड केल्यावर सुटलं आणि इरेज मिनिटभरात झालं. आता मिंट चढतंय. बाईंना इनस्क्रिप्ट (मराठी अक्षरांच्या मांडणीचा) कीबोर्ड हवाय, तो मिंटमध्ये कुठून चालू करायचा तेवढं कुणी सांगाल का?