विज्ञानाचा तास: आधी प्रयोग की आधी धडा?

वर्धेकर: नववीचा 'धाराविद्युत' आधी प्रयोगानं शिकवा, धडा मागून वाचा. गटाला १.५ व्होल्टचे तीन सेल, २८ गेजची १ मीटर नायक्रोम तार, एक मल्टीमीटर. "सेल दुप्पट केले तर धारा किती?" अंदाज वहीत पेनानं लिहून झाल्यावरच कळ दाबायची. तारेचा रोध (धारेला होणारा अडथळा) साधारण १० ओहम, म्हणून ०.१५, ०.३०, ०.४५ अँपिअरच्या आसपास वाचन येतं. अंदाज चुकलेला पोरगा ओहमचा नियम (व्होल्ट दुप्पट तर धारा दुप्पट) सहसा विसरत नाही.

पांढरं_सोनं: वाचायला झकास आहे, सर. पण तास ३५ मिनिटांचा, वर्गात ६० पोरं, निम्मा वेळ जोडाजोडीत. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीला पोरं गेली की प्रयोग हुकला तो हुकलाच. मध्य प्रदेशातल्या होशंगाबादचा, प्रयोगातून शिकवणारा विज्ञान कार्यक्रम १९७२ ते २००२ चालला, पण तिथं परीक्षाही बदलली होती: पुस्तक उघडं ठेवून पेपर, शिवाय प्रात्यक्षिकाची परीक्षा. आपल्या दहावीला ४०-४० चे दोन लेखी पेपर, प्रात्यक्षिकाला २०. गुण वाढवायचे तर रोज सुरुवातीला पुस्तक मिटून ५ प्रश्न: दोन कालचे, दोन मागच्या आठवड्याचे, एक मागच्या महिन्याचा. खर्च शून्य.

मेळघाट_मॅडम: ५ प्रश्न मान्य. पण सूत्र धडाधडा म्हणणारी पोरं व्होल्ट-धारेच्या आलेखावरून रोध काढताना अडतात, तिथं काय करणार?
प्रयोग फसतात ते मात्र पुढच्या गोष्टींनी. तार नाही म्हणून टॉर्चचा बल्ब लावतात; फिलामेंट तापलं की रोध वाढतो, आलेख वाकतो आणि ओहमचा नियमच खोटा वाटतो. सेलवर १.५ छापलंय म्हणून तोच आकडा धरतात. धारा वाहू लागली की तो उतरतो, विभवांतर (व्होल्टेज) तारेच्या टोकांवरच मोजा. आणि मीटर २०० मिलिअँपिअरवर ठेवू नका, फ्यूज उडेल. १० अँपिअरची खाच घ्या. विभवांतर मोजण्याआधी लाल पिन मात्र आठवणीनं व्होल्टच्या खाचेत. विसरलं की मीटरच सेल शॉर्ट करतो.

पांढरं_सोनं: बघा! एवढं सांभाळायला दहा गटांमागे शिक्षक एकटा.

वर्धेकर: मग टेबलावर एकच मांडणी करा, अंदाज मात्र साठही जणांचा. वाचनं तक्त्यावर लिहून भिंतीला लावा. वेचणीहून परतलेला पोरगा त्यावरून आलेख काढेल. 'आम्ल, आम्लारी'ला तर मीटरही नको. जास्वंदीचं पाणी लिंबानं लालसर, चुन्याच्या निवळीनं हिरवट.

पांढरं_सोनं: जास्वंद चालेल. तक्त्यावरचे आकडे मात्र सगळा वर्ग जसेच्या तसे उतरवेल, हेही लिहून ठेवा.