मदत हवी आहे: 'जन पळभर म्हणतील' मधला शेवट नक्की कसा वाचायचा?

मंडळी, भाचीच्या एम.ए.च्या असाइनमेंटपायी घरात दोन दिवस वाद चाललाय, जरा मदत करा. कविता भा. रा. तांब्यांची, 'जन पळभर म्हणतील हाय हाय'. गाणं म्हणून लताबाईंच्या आवाजात शंभरदा ऐकलंय पण अर्थ सांगायची वेळ आली आणि आमची दांडी गुल.

भाची म्हणते ही कडवट कविता आहे, सखेसोयरे डोळे पुसतील नि परत हसून खिदळतील, म्हणजे कवी रुसलाय. मला तसं नाही वाटत, कारण त्याआधी सूर्य, चंद्र, मेघ, शेतं सगळं आपापलं काम करत राहणार असं तो म्हणतो, आता सूर्यावर कोण रुसतं का? आणि शेवटी यमदूत नाही, चक्क 'हरिदूत' येतो! त्यापुढे 'का जिरवु नये शांतीत काय' यातला 'काय' म्हणजे काया, हे मला परवा कळलं (हसू नका), इतकी वर्षं प्रश्नार्थकच समजत होतो.

पण मग 'नववधू प्रिया मी बावरते' ही पण मरणाचीच कविता मानतात ना, तिथे जीव नवरीसारखा पुढे सरतो नि मागे फिरतो, इथे म्हणतो तोंड कशाला फिरवू. एकाच कवीचं हे दोन्ही कसं जुळवायचं? की 'अशा जगास्तव काय कुढावे' यात थोडं कुढणं आहेच? कुणी शिकवलंय का ही वर्गात? सोमवारी द्यायचंय तिला.