बाटलीतली बुरशी: पावसाळी अनुभव लिहा

गोदाकाठची
पावसाने नुसता उच्छाद मांडलाय. आज लेकीच्या बाटलीच्या झाकणातली रबरी रिंग सेफ्टी पिनने उचकटली, तर खाली काळी रेघ आणि तो वास! त्या वासाने थेट माझी वॉटरबॅग आठवली. लाल पट्टा, तोटीवर टोपी. आई त्यात तांदूळ आणि मीठ घालून खळखळ हलवायची, मग गच्चीवर उन्हात. आता ऊन कुठून आणू? तुम्ही काय करता ते लिहा गं/रे.

पंचवटीकर
तांदळाने बाटलीचं पोट साफ होतं, झाकण नाही. बुरशी बसते रिंगेखाली, आट्यांत, स्ट्रॉमध्ये. रात्री सगळं सुटं करायचं. आणि बाटली ओट्यावर सपाट उपडी घालू नका, आत दमट हवा कोंडते. जाळीवर तिरकी ठेवा.

सिडकोची सून
रोज सुटं करा म्हणे 😂 सकाळी डबा, वेणी, खाली रिक्षावाले काका हॉर्नवर हॉर्न. मी सरळ दुसरी बाटली घेतली. एक शाळेत, एक वाळत. विषय संपला.

उपनगरचे आजोबा
बाटलीत सरबत, ग्लुकोज देणे बंद करा. साखर राहिली की बुरशी आलीच. आमच्या वेळी शाळेच्या नळाला ओंजळ लावायचो.

सिडकोची सून
आजोबा, आम्हीही लावलीय ओंजळ. नंतर कावीळ झाली ते सांगू का इथे?

मायक्रोवाली
घाईत लिहितेय, लॅबमध्ये आहे. गुलाबी बुळबुळीत थर दिसला तर ती बुरशी नव्हे, बहुतेक जिवाणू असतात. घासून काढायचाच. तळाशी पांढरं खरखरीत असेल तर ते बोअरच्या पाण्याचे क्षार, व्हिनेगरने जातात. ब्लीच वापरलंच तर व्हिनेगर किंवा लिंबू त्याच्या जवळपासही नको, क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तर अजिबातच नको. स्टीलच्या बाटलीत ब्लीच भरून ठेवू नका, बारीक खड्डे पडतात. आणि रबरात काळे ठिपके मुरले असतील तर रिंग फेका, घासत बसू नका.

मखमलाबादचा
सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस बघत बसणाऱ्यांनो, दोघं एकमेकांना मारतात हो. उरतं जवळपास खारं पाणी. आधी सोड्याने घासा, धुवा, मग व्हिनेगर. त्यात झाकण घट्ट लावून हलवलंत तर छत धुवावं लागेल.

गोदाकाठची
@मखमलाबादचा 🙈 स्ट्रॉचं काय करू? ब्रश जातच नाही.

पंचवटीकर
चिंधीची बारीक पट्टी दोऱ्याला बांधा आणि ओढा, परकरात नाडी ओवतो तशी. साबणाच्या गरम पाण्यात बुडवून दोन्हीकडून. पहिल्या फेरीत जे बाहेर येईल ते जेवणाआधी बघू नका.

अंबडची
मी पास. सासूबाईंनी नदीकाठच्या भांडी बाजारातून तांब्याची बाटली आणलीय, चिंच-मीठ लावून चकचकीत ठेवतात. फक्त मुलगा त्यात लिंबूपाणी भरायला निघाला होता.

मायक्रोवाली
ताई, नको हं! आंबटात तांबं उतरतं, मळमळ-उलट्या होतात. साधं पाणीच भरा. आणि बाहेरून चकचकीत असली तरी झाकण आतून बघाच.

अंबडची
बघितलं. पास नाहीये मी 😐

उपनगरचे आजोबा
भांडी बाजारावरून आठवलं, गोदेला पाणी किती आहे आज?

पंचवटीकर
गंगापूर धरणातून सोडलंय. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलंय म्हणतात. आमच्या गल्लीतले सगळे बघायला गेलेत, भजी तिकडेच.

सिडकोची सून
भजी!! कुठे??

गोदाकाठची
अगं भजी राहू दे, बाटलीची सुटी रिंग मिळते का कुठे?

मखमलाबादचा
कुकरची कुठेही मिळते, बाटलीची मापाने शोधावी लागते. जुनी रिंग सोबत न्या, भांडी बाजारात एखाद्या दुकानात सापडेल.

गोदाकाठची
मग उद्या दुपारी जाते.

पंचवटीकर
अहो ताई, उद्या नको. पाणी उतरू द्या आधी.