कागदावरून यंत्रात जाताना माहिती कुठे सांडते?

काम संगणकावर आलं की वेग वाढतो. गडबड होते ती जोडावर: कागदावरून पडद्यावर, नमुन्यावरून लेबलवर, यंत्रावरून सेन्सरवर. आपापल्या क्षेत्रातले असे जोड आणि त्यांवरचे उपाय लिहा. आकडे दिलेत तर दुसऱ्याला थेट वापरता येतील.

जुनी दप्तरं, स्कॅनिंग

साध्या छापील मजकुराला ३०० डीपीआय (एका इंचात इतके ठिपके) पुरतं. अक्षर बारीक, शाई फिकी असेल तर ४००. मूळ प्रत टिफ या चित्र-फाईलमध्ये जशीच्या तशी ठेवा आणि रोजच्या वापराची पीडीएफ तिच्यातूनच काढा. फाईल लहान करण्यासाठी जेबिग-२ या आकुंचन पद्धतीचा लॉसी (काही तपशील गाळणारा) पर्याय मात्र लावू नका. त्यात पानावरच्या सारख्या दिसणाऱ्या आकृत्या एकाच साच्याखाली गोळा होतात आणि तोच साचा सगळीकडे उमटतो. इंग्रजी अंकांतल्या सहाच्या जागी आठ बसतो, तोही अगदी ठसठशीत. २०१३ साली कॉपी यंत्रांमधला हा दोष उघड झाला तो घराच्या नकाशावरून: वेगवेगळ्या खोल्यांचं क्षेत्रफळ प्रतीत एकच उमटलं होतं. पुसट अंक दिसला की माणूस पुन्हा बघतो, स्वच्छ दिसणारा चुकीचा अंक कोणीच तपासत नाही. म्हणून ओसीआरनंतर (चित्रातली अक्षरं यंत्राने ओळखून घेतल्यावर) आकड्यांचे रकाने मूळ कागदाशी ताडून बघाच, मजकुराचं एक वेळ राहिलं तरी चालेल.

रक्ततपासणी

नळीवर लेबल रक्त घेतल्यावर, रुग्णाजवळच उभं राहून लावायचं. आधी लेबल लावून ठेवलेल्या रिकाम्या नळ्या हेच अदलाबदलीचं मोठं कारण. नाव आणि जन्मतारीख रुग्णाकडून वदवून घ्या. 'तुम्ही अमुकच ना?' असं विचारलं की घाबरलेला माणूस नुसती मान हलवतो. बारकोड नळीच्या उभ्या लांबीत असा लावा की रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या दिसतील. उलट लावला तर कडेच्या रेघा नळीच्या गोलाईत जातात आणि यंत्र नळी बाजूला टाकतं.

वरच्या मुद्द्याला जोडून, लेबल छपाई

थर्मल (उष्णतेने छापणाऱ्या) प्रिंटरच्या हेडवरचा एक ठिपका मेला की कागद सरकतो त्या दिशेने एक पांढरी रेघ उमटत राहते. बारकोडच्या रेघा त्याच दिशेत असतील तर एखादी रेघ चिरली जाते आणि कोड वाचता येत नाही. कोड ९० अंशांत फिरवून छापला तर पांढरी रेघ सगळ्या रेघांना आडवी कापते आणि वाचन चालू राहतं. हेड बदलेपर्यंत एवढ्यावर निभावतं. लाल रंगात बारकोड छापू नका, लाल प्रकाशाच्या स्कॅनरला तो पांढराच दिसतो. ईएएन-१३, म्हणजे दुकानातल्या मालावरच्या १३ अंकी बारकोडच्या, डावीकडे ११ आणि उजवीकडे ७ मॉड्यूल (मॉड्यूल म्हणजे सर्वांत बारीक रेघेची रुंदी) कोरी जागा लागते. सजावटीची चौकट तिथेच घुसते.

हा क्रमांक हाताने टंकताना त्याचा शेवटचा, बाकीच्या अंकांवरून काढलेला तपास-अंक बऱ्याच चुका पकडतो, पण शेजारच्या दोन अंकांत ५ चा फरक असेल, जसे १ आणि ६, तर त्यांची अदलाबदल त्याला कळत नाही.

कारखाना, कंपन मोजणी

सेन्सर बेअरिंगच्या घरावर (बेअरिंग ज्यात बसतं त्या जाड कवचावर) बसवा, पातळ पत्र्याच्या झाकणावर नको; तिथे पत्र्याचंच कंपन मोजलं जातं. सेन्सर चुंबकाने चिकटवत असाल तर चुंबकाखालचा रंग खरवडून काढा. कायमच्या मोजणीला स्क्रूनेच बसवा, कारण बेअरिंगच्या बिघाडाची पहिली चाहूल काही हजार हर्ट्झला (सेकंदाला इतक्या कंपनांना) लागते आणि चुंबकाची पकड तिथे अपुरी पडते. १५०० आरपीएम (मिनिटाला फेरे) म्हणजे फक्त २५ हर्ट्झ, एवढंच धरून नमुना-दर (सेकंदाला किती वेळा मोजायचं तो) ठरवला तर ही चाहूल हुकते. हव्या असलेल्या सर्वोच्च वारंवारितेच्या किमान २.५६ पट दर ठेवा.

ऑनलाइन अर्ज, तक्ते

अर्ज क्रमांकाचा रकाना आधी 'टेक्स्ट' करा, मगच माहिती भरा. एक्सेल आकड्याचे १५ अंकच जपतं. १६ अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो आणि सुरुवातीची शून्यंही गळतात. नंतर रकाना बदलून गेलेले अंक परत येत नाहीत, मूळ सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाईल) पुन्हा आयात करावी लागते. ती डबलक्लिक करून उघडू नका, नाहीतर अंक पुन्हा तसेच जातात. एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाईलची मर्यादा ६५,५३६ ओळी, पुढच्या ओळी तिच्यात मावत नाहीत. आयात झाल्यावर मूळ फाईलच्या आणि तक्त्याच्या ओळी मोजून जुळवा.